मागची डावी जागा

आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरसमोर सकाळी गाडी उभी होती आणि मी मागचं डावं दार उघडून बाबांना म्हणत होते, "बसा." बाबा काही बसायला तयार नव्हते. ती जागा साहेबाची असते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. वर्ध्याला एका सरकारी खात्यात त्यांनी जन्मभर मोटार चालवली. मागे बसणारे साहेब बदलत गेले, स्टिअरिंगवर बाबा तेच.

"मले पुढंच बरं वाटते न, वैशू," ते म्हणाले.

"आज नाही. आज तुम्ही मालक."

सगळा खटाटोप एवढ्याचसाठी होता. आई गेल्यावर मी बाबांना दिल्लीला आणलं. मी एकटीच राहते, म्हटलं दोघांना सोबत होईल. दिवाळीनंतर त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग औषधं, मग घरासमोरचा रस्ताच. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जो दिखाना है, अभी दिखा दीजिए. बाद में देखेंगे, पर समझेंगे नहीं." बस आणि मेट्रोवर चाळिशी ओलांडलेल्या मी त्याच आठवड्यात मुनिरक्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. लायसन्स हातात पडलं तशी गाडीही घेतली. परदेशी निघालेल्या एका मल्याळी नर्सबाईंची, जुनी, पांढरी, एवढीशी. मागच्या काचा हाताने फिरवायच्या आणि हीटर स्वतःच्या मर्जीने चालणार. पण आमच्या अख्ख्या घराण्यातली पहिली चारचाकी. दुसऱ्यांच्या गाड्या पुसण्यात ज्याचा जन्म गेला त्याने एकदा तरी आपल्या गाडीत मालक म्हणून बसावं आणि ते त्याला कळावं, एवढंच मला हवं होतं. नुसतं बसून भागणार नव्हतं, कळायला हवं होतं.

पानिपत बाबांनीच निवडलं. दिल्लीत येणाऱ्या मराठी पाहुण्याला ते पाहायचंच असतं. शेजारच्या देशपांडेकाकू गॅलरीतून म्हणाल्या, "पानिपतला? अगं, मराठी माणसाने तिकडे निघताना सांगू नये कुणाला." बाबा हसले. ते हसले म्हणून मला उगाच उमेद आली.

रिंग रोडवर मी जीव मुठीत धरून चालवत होते. डावीकडून बस, उजवीकडून मोटारसायकली, आणि मागचा प्रत्येक जण हॉर्नवर हात ठेवूनच जन्माला आलेला. आझादपूरच्या पुढे कचऱ्याचा एक डोंगर दिसला, त्यावर घारी फिरत होत्या. मी आरशात पाहिलं. बाबा सीटच्या कडेवर, गुडघे पुढच्या सीटला टेकवून, टोपी मांडीवर ठेवून बसले होते. परक्याच्या घरी दिवाणखान्यात बसावं तसे.

"आरामात बसा न, बाबा."

"बसलो न."

दिल्लीची हद्द संपली तरी दिल्ली संपत नाही. गोदामं, अर्धवट उंच इमारती, घरांच्या जाहिराती, मध्येच मोहरीचं एखादं पिवळं शेत, आणि या सगळ्यावर धुरकट ऊन. मी बाबांना मोहरी दाखवली. "छान आहे," ते म्हणाले, पण त्यांची नजर रस्त्यावर होती. पुढच्या ट्रकने ब्रेक लावला की मागच्या सीटवर त्यांचा उजवा पाय दाबला जायचा.

टोलनाक्यावर माझी फजिती झाली. दांडी वर गेली, मी क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. परत सुरू केली, परत बंद. मागे हॉर्नांचा गजर सुरू झाला, एका जीपवाल्याने डोकं बाहेर काढून माझ्या अकलेची चौकशी केली. तेवढ्यात बाबा खाली उतरून माझ्या दाराशी येऊन उभे.

"उतरा, मॅडम. मी घेतो."

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी हसले. म्हटलं, "बसा हो ड्रायव्हरसाहेब, जमेल मला." तिसऱ्या खेपेला जमलंही. बाबा परत बसले, पण या वेळी पुढे, माझ्या शेजारी. पाचेक किलोमीटर गेल्यावर ते हळूच म्हणाले, "साहेब लोक गाडी चालवतात अन् ड्रायव्हर बसून राहते, हे बरं दिसत नाही." तेव्हा माझं हसू गेलं.

मुरथळला थांबलो. इथले धाबे आता मंगल कार्यालयाएवढे झाले आहेत. बटाट्याचे तंदुरी पराठे आणि वर सफेद मक्खनचा (घरच्यासारखं पांढरं लोणी) गोळा. मी हात धुऊन आले तर टेबलावर बाबा नाहीत. सगळा धाबा पालथा घातला, बायकांच्या घोळक्यात शिरले, रस्त्यापर्यंत धावले. शेवटी वेटरने बोट दाखवलं, "ताऊ (थोरले काका) उधर हैं, ड्राइवरों में."

मागच्या बाजूला ड्रायव्हर लोकांसाठी वेगळी बाकं होती. बाबा तिथे चहा पीत बसले होते आणि सकाळपासून पहिल्यांदा पाठ टेकून बसले होते. शेजारच्या टॅक्सीवाल्याने त्यांच्या ताटलीत आपल्यातला अर्धा पराठा ठेवला होता.

"आपकी सवारी आ गई, ताऊ," तो म्हणाला.

बाबा कप ठेवून ताडकन उभे राहिले. "निघायचं का?"

"बाबा, मी वैशाली."

"हो न," ते म्हणाले, पण माझ्याकडे न पाहता. चहा अर्धा राहिला होता. "पिऊन घ्या," म्हटलं तर मान हलवली. साहेब उभा असताना त्यांनी कधी चहा संपवला नव्हता.

पानिपतात शिरताना उड्डाणपुलावरून खाली सगळीकडे घोंगड्यांची आणि चादरींची दुकानं दिसतात. आपल्या लोकांना ज्या नावाने कापरं भरतं तिथे पडदे स्वस्त मिळतात. काला अंब (काळा आंबा) या ठिकाणी लढाईचं स्मारक आहे. विटांचा एक खांब, आखीव बाग, बाकावर एक कॉलेजातलं जोडपं आणि विलक्षण शांतता. मी एकटीच आत गेले, कारण बाबा आले नाहीत.

"तुम्ही पाहून या. गाडीपाशी कोणीतरी पाहिजे."

"गाडी कोण नेतंय, बाबा? आपलीच आहे, कुलूप लावू."

"तुम्ही या पाहून."

खांबापाशी उभी राहिले, वाचलं काय ते, काही डोक्यात शिरलं नाही. कठड्यापलीकडे बाबा दिसत होते. खिशातल्या रुमालाने पुढची काच पुसत होते, वरून खाली, मग वायपर उचलून त्याखाली. मला त्या गाडीचा राग आला. बाबांना मालक करायला आणलेल्या तिनेच त्यांना परत नोकरीवर रुजू करून घेतलं होतं. बसने आलो असतो तर निदान ते कुणाचे तरी बाबा म्हणून बसले असते. आणि मग डॉक्टरीणबाई जे म्हणाल्या होत्या ते पहिल्यांदा मनाला भिडलं, की "बाद में" म्हणजे पुढे कधीतरी नव्हे. ते येऊन गेलं होतं. मी उशिरा निघाले होते, आणि आता कितीही वेगाने चालवली तरी काही उपयोग नव्हता.

परतताना पचरंगा (पाच जिन्नसांचं लोणचं) घेतलं. पानिपतला गेलं की घेतात म्हणून. रस्ताभर मी वर्ध्याचा विषय काढला, आईचा काढला, शाळेत असताना त्यांनी मला आणलेल्या सायकलचा काढला. ते प्रत्येक वेळी "हो, मॅडम" म्हणाले. अदबीने बोलत होते. तेवढी अदब माझ्याने सोसवत नव्हती. एकदा मी ओरडलेदेखील, "मॅडम म्हणू नका मला." ते घाबरले. "चुकलं," म्हणाले आणि हात मांडीवर जुळवून बसले.

आर. के. पुरमला पोचलो तेव्हा मुलांचं क्रिकेट आटोपत आलं होतं. मी गाडी लावली. पट्टा काढेपर्यंत बाबा फिरून माझ्या बाजूला आले, दार उघडलं आणि माझं डोकं लागू नये म्हणून वरच्या कडेला हात धरून उभे राहिले. मी उतरले.

"मॅडम, आज जरा लवकर जाऊ का? पोरगी जेवाची थांबते माह्यासाठी."

मी विचारलं, "काय शिकते?"

"सातवीत आहे. लय हुशार आहे, वैशाली नाव." त्यांचा चेहरा सकाळनंतर पहिल्यांदा उजळला. "तिले तुमच्यासारखं मॅडम करायचं आहे."

"होईल ती," मी म्हटलं.

"तुमच्या तोंडात साखर पडो," ते म्हणाले. "मग, जाऊ?"

"जा."

त्यांनी टोपी घातली आणि फाटकाकडे निघाले. आमचं घर मागे होतं, पहिल्या मजल्यावर. हाक मारायला तोंड उघडलं, पण बाबा म्हणावं तर त्यांना ते कळणार नव्हतं आणि ड्रायव्हर म्हणून माझ्याने हाक मारवेना. गाडी तशीच उघडी टाकली आणि मॅडम मागे येताहेत असं त्यांना वाटू नये इतकं अंतर ठेवून मी त्यांच्या मागे चालू लागले.