शनिवारी खिळ्याला टांगलेली चावी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला मी दाढीचं ब्लेड बदललं तरी सांगतो. आमच्या घरात मी गोष्टीवेल्हाळ म्हणून प्रसिद्ध. कुणाच्या लग्नातून आचारी पळाला, कुणाच्या साखरपुड्यात कोण खुर्चीसकट आडवं झालं, सगळं माझ्याकडे. ही एक गोष्ट मात्र ओठांवर येते आणि मी पाणी पिऊन ती खाली ढकलतो.

गोष्ट गवत कापायच्या गाडीची आहे. हसा हवं तर. मीही सुरुवात हसवतच करणार — दुसरं येतं काय मला?

बंगळुरात, येलहंकाच्या पुढे आमची कॉलनी. घरं थोडी, हिरवळ भरपूर, आणि राहणारे बहुतेक सरकारी कारखान्यांतले इंजिनिअर. म्हणजे नळ गळला तरी चारजण चष्मे लावून जमणार आणि त्याचा लेखी अहवाल होणार. मी नोकरीत बिघाड तपासणारा. काय बिघडलं ते शोधायचं आणि 'कारण' नावाच्या चौकटीत एका ओळीत लिहायचं, हा माझा जन्माचा उद्योग. त्यामुळे कॉलनीनं बसून चालवायची गवत कापायची गाडी घेतली, तेव्हा तिची देखरेख माझ्या गळ्यात पडणार हे ठरलेलंच. मी पहिलं काम केलं ते पाटी लिहायचं. तीन भाषांत. 'मुनियप्पांखेरीज या गाडीवर कुणीही बसू नये.' पोरं जवळ फिरकली तरी मी गच्चीतून ओरडायचो.

मुनियप्पा म्हणजे आमचे माळी. कॉलनीचा पाया खणला तेव्हापासूनचे. साठी उलटलेली, अंगानं काटकुळे, आमच्या मराठी घरांतून वावरून तोडकंमोडकं मराठी उचललेलं. सगळ्यांचे अण्णा. गाडी त्यांना मी शिकवली. आधी सीटवर बसा, ब्रेक दाबा, पातं बंद आहे ना बघा, मग चावी. चार दिवसांत त्यांनी ते पोथीसारखं घोटलं. काम संपलं की चावी काढून शेडमधल्या खिळ्याला टांगायचे, आणि ती हलायची थांबेपर्यंत तिच्याकडे बघत उभे राहायचे. मी चेष्टा करायचो, "अण्णा, पळून जाणार आहे का ती?"

समितीत दोघंतिघं म्हणत होते, म्हाताऱ्याला यंत्र झेपायचं नाही, बाग ठेकेदाराकडे देऊन टाकू. एक चूक झाली की अण्णांना नारळ — हे मला ठाऊक होतं. हे मुद्दाम सांगतो. ठाऊक नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

एका रविवारी पुण्याहून मेहुणा आला. अण्णांची सुट्टी. जेवणं झाली, बायको आडवी झाली, आणि आम्ही दोघं पाय मोकळे करायला निघालो. शेडपाशी मेहुणा थबकला.

"दाजी, हा तर ट्रॅक्टरच झाला की! चालवता येतो, का नुसत्या पाट्याच लिहिता?"

आता एवढं कुणी म्हटल्यावर पंचावन्नीच्या माणसानं काय करावं? काहीच करू नये. पण मी खिळ्यावरची चावी काढली. ढेरी स्टिअरिंगला टेकवून हिरवळीला दोन चकरा मारल्या, मेहुण्यानं पोट धरून हसत फोटो काढले. परत शेडमध्ये आणून वर करामत दाखवली. ब्रेक न लावता सीटवरून उठलं की या गाडीचं इंजिन आपोआप बंद पडतं. "बघ, सुरक्षितता म्हणतात ती ही!" म्हणून मी उठलो. इंजिन बंद. मेहुण्यानं टाळी दिली. आम्ही चहाला गेलो.

चावी तशीच राहिली. चालूवर. अशी राहिली की बॅटरी हळूहळू रिकामी होत जाते — हे मीच अण्णांना दोनदा बजावलं होतं.

सोमवारी सकाळी अण्णा दारात. "सार, गाडी उठत नाय. स्वल्प बघा ना." मेहुणा पहाटेच गेलेला. खरं सांगतो, तेव्हा माझ्या मनात रविवार नव्हताच. मी ऐटीत गेलो. पेट्रोल पाहिलं. प्लग काढून पुसला. सीटखालची वायर तपासली. चावी फिरवली तर नुसतं टक्. समितीतले दोघं फिरायला निघाले होते, तेही येऊन उभे राहिले. शेवटी बॅटरीला मीटर लावला. पार रिकामी.

"चावी गाडीलाच होती सार," अण्णा म्हणाले. "चालूवर. शनिवारी मी खिळ्याला लावलेली."

तेव्हा आठवलं. टाळीसकट.

खरं बोललो असतो तर काय झालं असतं? हसले असते. पाटीवरून महिनाभर टोमणे मारले असते. बस — एवढंच. एवढ्यापायी मी अण्णांकडे वळलो, आणि अगदी मायेनं, घरातल्या वडीलधाऱ्याशी बोलावं तशा आवाजात विचारलं, "अण्णा, नक्की आठवतंय का तुम्हाला?"

माझा गुन्हा तो हा. अहवाल नंतरचा.

ते आपल्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लावलेली." मग, "लावली असणार." आणि शेवटी, "सरी सार, बरं. तुम्ही म्हणता तर राहिली असेल." मी तर काही म्हटलंच नव्हतं, नुसतं विचारलं होतं — असं मी स्वतःला किती वेळा समजावलंय म्हणून सांगू!

त्या चौकटीत मी लिहिलं : चालकाचा विसराळूपणा. महिन्याभरात निरोप समारंभ झाला. शाल मीच घातली. भाषणही माझंच, लोक हसले, एकदोघींनी डोळे टिपले. घरी येऊन मी जेवलो नाही, तर बायको म्हणाली, "किती जीव लावता हो माणसांना!"

इथंच संपलं असतं तर कदाचित मी आज बोललोही नसतो.

गेल्या वर्षी के. आर. पुरमला एका कामाला गेलो होतो. बाजारात अण्णांची मुलगी भेटली, मंजुळा. ओढून घरी घेऊन गेली. अण्णा खुर्चीवर बसलेले, मला बघून केवढे खूश झाले! मंजुळा चहा करता करता सांगत होती, अप्पांना ती आता गॅस पेटवू देत नाही, एकटं बाहेर सोडत नाही. डॉक्टरांना काही सापडलं नाही, पण अप्पा स्वतःच म्हणतात, माझ्यावर काही सोपवू नका. "तुमच्या कॉलनीत ती चावी विसरले ना सार, तेव्हापासून." तेवढ्यात अण्णा दोनदा उठून दाराची कडी बघून आले. तिला विचारलं, लावली ना? ती म्हणाली, लावली अप्पा.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सार, त्या दिवशी चावी मीच विसरलो, ना?"

सहज नव्हतं विचारलेलं. उत्तरासाठी थांबले होते. समितीतलं कुणी नव्हतं, हसणारं कुणी नव्हतं, आणि त्यांना खरं सांगू शकेल असा जगात मी एकटा होतो.

मी म्हणालो, "हो अण्णा. होतं असं वयानं."

त्यांनी मान हलवली. "सरी," म्हणाले, आणि पुन्हा कडी बघायला उठले.

ते अजून तिथेच असतात. त्यांना अजून तसंच वाटतं. मी परत गेलेलो नाही.