मुठीतला वाफसा

सांगलीच्या स्टँडवर आबा, माझे वडील, मला पोचवायला आले ते थेट द्राक्षबागेतून, चपलेला चिखल तसाच. पुण्याच्या गाडीत बॅग चढवताना त्यांनी तिसऱ्यांदा तेच विचारलं, "माती शिकाय येवढ्या लांब? हितं काय माती न्हाई व्हय?" मी फुगून बसले. गाडी सुटेपर्यंत ते खिडकीखाली उभे होते.

नॉर्वेत आता मला सहावं वर्ष. इथे थंडीत जमिनीतली ओल गोठते. नुसती गोठत नाही, खालचं पाणी वर ओढून घेते आणि मातीत बर्फाचे पापडासारखे पातळ थर धरते. ते वितळले की त्यांची जागा रिकामी राहते. त्या फटींतून पाणी मुरतं, हवा खेळते, मुळं खाली उतरतात. या फटी बघणं, मोजणं हेच माझं काम. आमच्या तासगावच्या काळ्या रानात हे काम ऊन करतं. माती सुकते, आकसते आणि भेगाळते.

हे शहाणपण नंतरचं. पहिल्याच वर्षी माझ्या गाईड बाईंनी हिवाळाभर जपलेला मातीचा नमुना बघायला दिला आणि मी तो बोलता बोलता मुठीत धरून दाबला. रान मशागतीजोगं झालंय का, म्हणजे वाफसा आलाय का, हे आपल्याकडे असंच बघतात. आबांनी लहानपणी हात धरून शिकवलेलं. मूठ उघडली तर साऱ्या फटी मिटलेल्या. वाटलं, आता चंबूगबाळं आवरायचं.

बाई चिडल्या होत्याच. तरी काय शोधत होतीस, असं त्यांनी विचारलं. वाफसा त्यांच्या भाषेत सांगता सांगता माझी दमछाक झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शेतावर नेलं आणि स्वतः ढेकूळ दाबून पाहिलं. नव्या नमुन्यासाठी पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबावं लागलं. थांबले.

आबांना फोनवर भीत भीत सांगितलं. ते पोटभर हसले, मग म्हणाले, "मूठ आपलीच हाय की गं."

माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांना हे कळेल. तिकडे राहिलेल्यांनाही कळावं म्हणून लिहिते. मी इथे सुखात आहे, आणि घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर आता अडखळत नाही. दर एप्रिलला आबांचा फोन येतो. बेदाण्याच्या शेडवरची गडबड, आईचे गुडघे, सगळं बोलून झालं की फोन ठेवता ठेवता ते विचारतात,

"तुज्या रानाला वाफसा आला का?"