भिश्तीची पखाल

पाटोद्याच्या बाजारात पाणी घालणाऱ्या भिश्तीचं नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या दुकानातला रांजण भरताना तो धारेखाली तळहात धरायचा, म्हणजे तळाचा गाळ ढवळत नसे.

एकदा हैदराबादेहून आलेल्या विक्रेत्यानं रंगीत मासे काचेच्या बरण्यांत भर उन्हात मांडले. गढूळ पाण्यातून ते वर येऊन तोंडं उघडत होते.

"पानी कावून बदलीना बे?" भिश्तीनं विचारलं.

"मेले तर दुसरे आणीन."

भिश्तीनं कचेरीसाठी भरलेल्या कातडी पखालीचं तोंड तिथंच सोडलं आणि एकेक बरणीतलं पाणी हलक्या हातानं बदललं.

तेवढ्यात कचेरीचा शिपाई ओरडत आला. "साहेब तहानलेत! कुठं मेलतास?"

"चुकलं, हुजूर," म्हणत तो विहिरीकडं पळाला.

सकाळपासून ते मासे माझ्या डोळ्यांसमोरच होते. मी उठलो आणि बरण्या दुकानाच्या सावलीत आणून ठेवल्या.