पंगतीत सांगितलेली पंचक्रोशी

राजा घाटावरून वर येणाऱ्या गल्लीत शरदिनीताईंच्या चार खोल्या आहेत. शाळेतली नोकरी संपल्यावर त्यांनी या खोल्या महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना द्यायला सुरुवात केली. जन्म बनारसचा, सासरही बनारसचं, त्यामुळे त्यांच्या मराठीत हिंदी सहज मिसळलेली. "आरामात जेवा, जल्दी कसली," असं म्हणत त्या वाढत आणि पाहुणे गालातल्या गालात हसत.

त्यांची एक पद्धत होती. आलेल्या पाहुण्यांची पहिली पंगत बसली, वरणभात वाढून झाला, की त्या एकेकाला विचारत, "काशीत काय करायचं ठरवून आलात?" उत्तर सगळ्यांदेखत द्यावं लागे. बेत मनातच ठेवणारे लोक उन्हं वर येईपर्यंत झोपतात, साड्या घेतात आणि परतीच्या गाडीत बसतात, हे त्यांनी सुरुवातीच्या वर्षांत पाहिलं होतं. चारचौघांत बोललेला माणूस मात्र पहाटे उठून घाट उतरतो. या युक्तीचा त्यांना थोडा अभिमानही होता.

यंदा थंडी ओसरताना साताऱ्याहून प्रल्हाद आणि सुनीती हे जोडपं आलं. प्रल्हाद नुकतेच निवृत्त झालेले. पंगतीत शेजारच्याने रोज गंगास्नानाचा बेत सांगितला, त्याला सगळ्यांनी माना डोलावल्या. मग प्रल्हादांची पाळी आली.

"आम्ही पंचक्रोशी करणार. पायी."

काशीभोवतीची ती लांबलचक प्रदक्षिणा, वाटेत पाच मुक्काम. सुनीतीचा घास हातातच राहिला.

"आम्ही?" तिने हळूच विचारलं.

"म्हणजे मी. तू आराम कर."

ताक येईपर्यंत त्यांनी ही बातमी आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरही टाकली. तिथे हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी पिशवी खांद्याला लावून ते निघाले. पहिल्या मुक्कामाचा फोटो आला. दुसऱ्या मुक्कामाचा, भीमचंडीचाही आला. मग फोन बंद.

दुपारी सुनीती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "ताई, कालपासून लागत नाहीये. आणि त्यांना शुगर आहे. पायाला नुसतं खरचटलं तरी भरायला महिना लागतो."

शरदिनीताईंनी गॅस बंद केला. "आणि हे मला आत्ता सांगतेस?"

"तुम्ही विचारलंत, ते बोलून बसले. मग त्या सगळ्यांसमोर मी काय सांगणार होते?"

शरदिनीताईंनी पर्स उचलली, चपला घातल्या आणि गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबवली. "भैया, पंचक्रोशी रोड. धीरे चलाना, दोनों तरफ देखते हुए."

रस्ताभर दोघी दोन बाजूंना बघत राहिल्या. पिशवीवाला कोणी दिसला की सुनीती पुढे वाकायची आणि पुन्हा मागे टेकायची. या माणसाला काही झालं तर पंगतीतला आपला तो प्रश्न आपल्याला जन्मभर पुरेल, एवढंच शरदिनीताईंच्या डोक्यात घुमत होतं.

भीमचंडीच्या धर्मशाळेत त्यांनी रखवालदाराला विचारलं. तो म्हणाला, "सातारावाले बाबूजी? वो तो यहीं हैं. आगे गए ही नहीं."

मागच्या ओसरीत प्रल्हाद टाचेला रुमाल बांधून बसले होते. समोर द्रोणात अर्धी खाल्लेली बाटी. बायकोला बघून त्यांनी आधी पाय धोतराखाली ओढला.

"फोन का बंद?" सुनीतीने विचारलं.

"ग्रुपवाले पुढच्या मुक्कामाचा, रामेश्वरचा फोटो मागतायत. काय दाखवू, ही टाच?"

"मग मला तरी करायचा."

"तुला केला असता तर तू ये म्हणाली असतीस. थोडा आराम केला की निघतोच आहे. सगळ्यांना सांगून बसलोय."

शरदिनीताई समोरच्या पायरीवर बसल्या. "प्रल्हादजी, गलती माझी आहे. मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलायला लावलं. आणि सुनीतीला तर विचारलंच नाही. सुनीती, तू काय ठरवून आली होतीस?"

सुनीती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "नावेत बसून घाट बघायचे होते. यांच्या शेजारी बसून. एवढंच."

"हे कधी बोलली नाहीस," प्रल्हाद म्हणाले.

"तुम्ही आधीच 'आम्ही' म्हणालात."

प्रल्हादांनी टाचेकडे पाहिलं, मग बायकोकडे. भिंतीला हात टेकून ते उठू लागले, तसा सुनीतीने दंड धरला. तिच्या आधाराने ते ऑटोपर्यंत लंगडत गेले. शरदिनीताई मागून पिशवी घेऊन आल्या.

शहरात शिरल्यावर आधी डॉक्टर. फोड फुटलाय, पण जखम वरवरची आहे, वेळेत आलात, चालणं मात्र बंद, असं ते म्हणाले. शरदिनीताई तिथल्या बाकावर टेकल्या.

परत ऑटोत बसल्यावर प्रल्हादांनी फोन सुरू केला आणि चष्मा सावरत लिहिलं, "टाचेला फोड आला. परत फिरलो. उद्या सुनीतीबरोबर नावेतून घाट."

थोड्या वेळाने ते स्वतःशीच हसायला लागले.

"काय झालं?" सुनीतीने विचारलं.

"दत्तात्रेय लिहितोय. गेल्या साली पंचक्रोशी केली म्हणून मिरवतो ना, तो. म्हणे, मीसुद्धा भीमचंडीहूनच रिक्षा केली होती, कोणाला सांगू नका."

"आणि हे त्याने ग्रुपवर लिहिलं?" शरदिनीताई म्हणाल्या आणि तिघंही इतकी हसली, की ऑटोवाल्याने मागे वळून पाहिलं.