कल्याणच्या बराकीतले अठ्ठावीस

चार जुने फौजी एकत्र जमले की लढाईच्या गोष्टी निघत असणार, असं आमच्या सुनांना वाटतं. आमच्यातल्या एकानंही लढाई पाहिलेली नाही. आम्ही भेटलो की निघतात त्या कल्याणच्या शाळेतल्या गोष्टी, आणि त्या दर वर्षी वाढतातच. त्यातल्या ज्यांना मी स्वतः हजर होतो, तेवढ्याच सांगतो.

* * *

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झालेली. घाटापलीकडच्या सेंटरवर नऊ महिने रंगरूट म्हणून रगडून काढल्यावर आम्हा अठ्ठावीस जणांना बिनतारी संदेश शिकायला कल्याणबाहेरच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये पाठवलं. सेंटरवर नियम एकच होता, चालायचं नाही. जेवायला डबल, म्हणजे धावत, संडासला डबल. ही सवय अशी हाडात मुरलेली की ट्रक थांबल्याबरोबर ट्रंका डोक्यावर घेऊन आम्ही धावत सुटलो. कुठे जायचंय ते एकालाही माहीत नव्हतं.

मैदानाला दोन फेऱ्या झाल्यावर झाडाखाली चहा पीत बसलेल्या हवालदार उस्तादांनी शांतपणे विचारलं, "किसने बोला भागने को?"

कुणीच बोललं नव्हतं. मग त्यांनी समजावलं की इथे पायांचं काम संपलं, डोक्याचं सुरू. चालत जा. आम्ही चालायला लागलो, पण दर दहा पावलांवर मागे वळून बघत होतो. माझ्या शेजारी ठाण्याच्या खाडीवरच्या मिठागरातला बाळाराम होता. तो कुजबुजला, "मना त चोरी केल्यासारका वाटतंय."

त्याच संध्याकाळी उस्तादांनी शाळेतली खरी भीती काय ती सांगितली. दोन परीक्षा, एक मधली आणि एक शेवटची. दोन्हींत नापास होणारा परत सेंटरवर, पुन्हा रंगरूट, पुन्हा नऊ महिने! त्या रात्री कुणी घोरलंसुद्धा नाही.

* * *

सेंटरवर सकाळच्या तपासणीत बिछान्याला एक सुरकुती दिसली तर सगळ्या बराकीला शिक्षा व्हायची. आम्ही त्यावर तोड काढलेली. बिछाना एकदा कडक घालायचा आणि त्याच्यावर झोपायचंच नाही. शाळेतही आम्ही तेच चालू ठेवलं.

एकदा पहाटे उस्ताद आत आले. अठ्ठावीस खाटा इस्त्री केल्यासारख्या रिकाम्या. सगळे पळून गेले असं समजून ते गार्डला हाक मारायला वळले आणि खाटेखालून अर्धा बाहेर आलेल्या बाळारामच्या पोटावर पाय देऊन पडले. खाटांच्या खाली अठ्ठावीस जण ओळीनं झोपलेले. पडल्या पडल्या उस्तादांनी आधी वर बघितलं आणि म्हणाले, "बिस्तर तो बढ़िया है."

* * *

क्लासमध्ये बाकांवर बसायचं होतं, आणि हे आम्हाला सगळ्यात जड गेलं. नऊ महिन्यांत बूड टेकलं की झोप हे गणित पक्कं झालेलं. पहिल्याच तासाला अर्धा वर्ग बॅटरीचे भाग ऐकता ऐकता गाढ झोपला. उस्तादांनी फर्मान काढलं की ज्याला झोप येईल त्यानं मागे जाऊन उभं राहायचं.

आठवड्याभरात पुढचे बाक ओस पडले आणि सगळा वर्ग मागच्या भिंतीला चिकटला. उस्तादांना वाटलं, चला, पोरं जागी तरी आहेत. त्यांना काय ठाऊक, सेंटरवर आम्ही उभ्यानं झोपण्यातच तयार झालो होतो. मला तर उभ्यानंच जास्त चांगली लागायची.

* * *

आमचं घर डोंबिवलीला, म्हणजे शाळेपासून हाकेच्या अंतरावर, पण दीड महिना बाहेर सोडलंच नाही. पहिला आउटपास मिळाला तेव्हा बाळारामला घेऊन घरी गेलो. आईनं पुरणपोळीचा घाट घातलेला. ती तुपाची वाटी आणायला आत गेली, आणि बाहेर आली तोवर आम्ही जेवून, आपापली ताटं राखेनं घासून, पालथी घालून दाराशी सावधान उभे.

आईनं एक ताट उलटून बघितलं. मग पदर डोळ्यांना लावून वडिलांना म्हणाली, "अहो, ह्याला परत आणता येईल का हो?"

आम्हाला पुन्हा बसवून, पुन्हा वाढून, "हळू" असं दर घासाला म्हणत तिनं जेवू घातलं. मला तेव्हा हसू येत होतं. आज तिची आठवण झाली की येत नाही.

* * *

आता बाळारामची गोष्ट. बिनतारी म्हणजे कानाला हेडफोन लावायचे, लांब-आखूड टिकटिक ऐकायची आणि त्यातून इंग्रजी अक्षरं लिहीत जायची. बाळाराम मराठी चौथी. इंग्रजी अक्षरं त्यानं सेंटरवर घोटलेली, शब्द एकही कळत नसे. मधल्या परीक्षेत अख्ख्या वर्गात तो एकटाच नापास झाला. गावात त्याच्या बापानं, पोरगा बिनतारीचा साहेब झाला म्हणून, आधीच सांगून टाकलेलं. मिठागरातून पहिल्यांदाच कुणीतरी बाहेर पडलेलं. शेवटची परीक्षा गेली की सेंटर, आणि परत रंगरूट झाल्यावर बापाला तोंड काय दाखवू, हे तो रोज म्हणायचा.

मी मॅट्रिक पास, वर्गातला एकमेव. मित्राला तारायचं असं मी ठरवलं आणि रोज संध्याकाळी त्याला इंग्रजी शब्द अर्थासकट शिकवायला लागलो. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. त्याचा वेग मात्र दर आठवड्याला कमीच होत गेला.

शेवटी तो वैतागून म्हणाला, "दादूस, तुजी विंग्रजी बंद कर. शबूद कलला का मी त्याचा इचार करतंय, तवर फुडची तीन अक्षरा जातान."

मला राग आला. उस्तादांकडे गेलो, तर त्यांनी त्याचीच बाजू घेतली. म्हणाले, "ऑपरेटर डाकिया है. डाकिया चिट्ठी खोलकर रोता नहीं." मी मनात म्हटलं, गेला हा सेंटरवर.

* * *

शेवटच्या परीक्षेला शाळेचे कॅप्टनसाहेब शेजारच्या खोलीत बसून स्वतः संदेश पाठवत होते. आमच्यावर लक्ष ठेवायला उस्ताद. मी झरझर लिहीत होतो. मध्येच माझ्या हातून अक्षरं उमटली: आग, रसदीचं गोदाम, ताबडतोब पाणी पाठवा.

परीक्षेचाच मजकूर होता तो. पण मी हेडफोन फेकले, "आग!" म्हणून ओरडलो आणि दारातली बादली घेऊन पळालो. एक जण पळतोय म्हटल्यावर बाकीच्यांनी कारण विचारलं नाही. सव्वीस जण माझ्यामागे डबलनं निघाले, आणि त्यांच्याही पुढे उस्ताद! पाच मिनिटांत आम्ही खिडक्यांतून पाणी ओतून गोदामातला आटा, साखर आणि दुपारची वामकुक्षी घेणारा स्टोअरकीपर असं सगळं भिजवून टाकलं.

संदेश पुरा करून कॅप्टनसाहेब बाहेर आले. त्यांनी आमच्याकडे बघितलं, गोदामाकडे बघितलं, आणि परीक्षेच्या खोलीत गेले. आम्ही दारातून डोकावलो. सत्तावीस खुर्च्या रिकाम्या. एका खुर्चीवर बाळाराम, हेडफोन लावून, पेन्सिल हातात.

साहेबांनी त्याचा कागद उचलून शेवटपर्यंत तपासला. एकही अक्षर सुटलेलं नव्हतं. त्यांनी खाली 'पास' लिहून सही ठोकली, बाकीच्यांची परीक्षा उद्या परत असं उस्तादांना सांगितलं, आणि मग त्या आगीच्या ओळीवर बोट ठेवून बाळारामला विचारलं, "ये लिखा तुमने. फिर उठे क्यों नहीं?"

बाळाराम सावधान उभा राहिला.

"साब, हुकूम लिवने का था. वाचने का नव्हता."