टाकीवरची चादर

रामवाडीतल्या आमच्या घरी एंजल माशांची जोडी आहे, अष्टमी गावातल्या दुकानातून आणलेली. टाकीत उभ्या ठेवलेल्या कौलाच्या तुकड्यावर मादीने दोनदा अंडी घातली आणि दोन्ही वेळा त्या जोडीनेच मिळून ती खाऊन टाकली. मी जाम वैतागलो. तिसऱ्या वेळी टॉर्च घेऊन काचेला नाक लावूनच बसलो.

बायको म्हणाली, "अवो, गणपतीचे डोळे आखताना मागे कोण उभं राहिलं की कारखाना डोक्यावर घेता. आणि आता या मादीसमोरून हलत नाय तुम्ही! असं बघत बसलं की बिचकून अंडी खाते ती."

मला राग आला, कारण ते खरं होतं. पेणच्या कारखान्यात मी वीस वर्षं डोळ्यांची आखणी करतोय आणि त्या वेळी मालकालाही जवळ उभं राहू देत नाही. उठून टाकीवर जुनी चादर टाकली.

पाचव्या दिवशी हळूच कोपरा उचलला. कौलाला चिकटलेली पिल्लं शेपट्या हलवत होती आणि प्रत्येकाला सुईच्या टोकाएवढे दोन काळे डोळे आले होते. मी आणखी वाकलो. तेवढ्यात मादी काचेशी आली आणि माझ्याकडे रोखून बघू लागली.

कारखान्यात मी लोकांकडे अगदी असाच बघतो. मी चादर सोडली.