लिडियाच्या नावाचा दगड

ऑलिव्ह डाबरेला टायपिंगमधली चूक खपत नसे. बहारीनच्या मीना सलमान बंदरावर, गोदामाच्या ऑफिसात तिच्या हातच्या पत्रावर साहेब न वाचता सही ठोकत. अशा बाईच्या हातून आयुष्यात एकच मोठी चूक झाली, तीही टाइपरायटरवर नाही, टेपवर.

१९७६ साली नवरा पायस स्कूटरच्या अपघातात गेला आणि दीड वर्षाच्या रोझमेरीला वसईत, भुईगावला आपल्या आईच्या, ब्रिजिटबाईंच्या ओटीत टाकून ऑलिव्ह बहारीनला आली. "दोनच वर्षं," ती म्हणाली होती. सगळेच तसं म्हणतात. दोन वर्षं सरली तेव्हा घराच्या छपराचं काम अर्धवट होतं, म्हणून रजा न घेता तिने आणखी दोन वर्षांवर सही केली. आता १९८० उजाडलं होतं आणि तिसऱ्या सहीचा कागद तिच्या खणात पडून होता. रोझमेरी पाच वर्षांची झाली होती आणि आईला ओळखत होती ती फक्त आवाजाने. गावी जाणाऱ्या माणसाच्या बॅगेतून टेप पाठवायची आणि येणाऱ्याकडून उत्तराची टेप घ्यायची, असा त्या काळचा पत्रव्यवहार होता.

शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी ऑलिव्ह बुदैया गावात मिसेस हॉलिसकडे जाई. ही सत्तरी ओलांडलेली अमेरिकन विधवा. नवरा तेलाच्या नोकरीत इथे आला नि इथल्याच मातीत गेला. ओहायोतल्या तिच्या माहेरच्या गावातल्या वाचनालयाला आपल्या घराण्याच्या आठवणी लिहून द्यायच्या, एवढाच ध्यास तिने घेतला होता. हात कापत, म्हणून ती आठवडाभर टेपवर बोलून ठेवी. शुक्रवारी दुपारी ऑलिव्ह ते ऐकून टाइप करी. काम झालेल्या टेपा म्हातारी तिलाच देऊन टाके. ऑलिव्ह त्यांच्यावर आपला आवाज भरून गावी पाठवी. फुकट मिळालेली चांगली टेप कोण टाकून देतं?

त्या आठवणींमध्ये एक पेशन्स होती, मिसेस हॉलिसच्या आजीची आजी. १८१७ साली ती नवऱ्याबरोबर बैलगाडीतून ओहायोच्या रानात जमीन कसायला गेली. तीन वर्षांची लिडिया बहिणीकडे ठेवली. "एक हिवाळा फक्त," असं म्हणून. तिथे ती तापाने गेली. पेशन्सच्या गावच्या दफनभूमीत तिच्या नावाचा दगड आहे. आणि पेशन्स म्हातारी होईपर्यंत रोज जेवणाच्या वेळी दारावर लहान मुलाच्या हाताची थाप ऐकत असे, उठून दार उघडत असे.

हे टाइप केल्यापासून ऑलिव्हच्या पाठीवरून शिरशिरी जाऊ लागली. भर दुपारी ऑफिसात, मशीनच्या खडखडाटात, खुर्चीमागे कुणीतरी लहान उभं आहे असं वाटे. वळून पाहिलं तर फाइलींचं कपाट. तिने शेजारच्या टेबलावरच्या राजनला विचारलंही, "कुणी आलं होतं काय?" तो म्हणाला, "मफी, मॅडम, कोई नहीं. आप छुट्टी लो." ती हसली, पण तिला भीती वाटत होती आणि ती स्वतःपाशी कबूलही करत होती.

तशात गावाहून टेप आली. आधी ब्रिजिटबाईंचं पावसापाण्याचं बोलणं, मग रोझमेरीचा आवाज. ऑलिव्हने टेपरेकॉर्डर जवळ ओढला.

"आई, ती म्हातारी गेली काय गो? तू बोलतेस नि मग ती येते. ती तुला बोलूच देत नाय. आजी म्हणते घाबरू नको. पण ती रोज येते."

मागून ब्रिजिटबाई म्हणाल्या, "अगं, तुझं बोलणं संपलं की ती गोरी बाय सुरू होते. पोरगी बटन दाबू देत नाय. आई आणखी काय बोलेल म्हणून शेवटपर्यंत ऐकत बसते. आणि आता बोलायला बस म्हटलं की म्हणते, आईला तिनं नेलं."

ऑलिव्हने टेप थांबवली. टेप तासाभराची, तिचं बोलणं जेमतेम वीस मिनिटांचं. उरलेला भाग पुसायचा असतो हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. चार महिने तिची पोर रोज संध्याकाळी आई पुन्हा बोलण्याची वाट पाहत होती, आणि मिसेस हॉलिसच्या घोगऱ्या आवाजात, न कळणाऱ्या इंग्रजीत, एका परक्या मुलीचं मरण ऐकत होती.

पुढच्या शुक्रवारी तिने रडतच ते सांगितलं. मिसेस हॉलिसने टेपरेकॉर्डर बाजूला सारला.

"लिडिया मेली नव्हती," ती म्हणाली. "एका हिवाळ्याची चार वर्षं झाली. पेशन्स तिला आणायला गेली, तर पोर मावशीच्या मागे लपली. 'ही कोण?' म्हणाली. पेशन्स उंबरठ्यावरूनच परत फिरली. गावात काय सांगणार? ताप आला, मेली, असं सांगितलं. त्या दगडाखाली कुणीच नाही, ऑलिव्ह. लिडिया नातवंडं बघून मेली. आमच्या घरात तो दगड खराच धरला गेला, कारण तेच सोपं होतं."

म्हणजे त्या दारावर जिवंत मुलीचं भूत येत होतं.

"हे टाइप करू?" ऑलिव्हने विचारलं.

"कर. आता लपवून कुणाचं भलं होणार आहे?"

ऑलिव्हने ते पान एकही चूक न करता टाइप केलं. शनिवारी साहेबांच्या टेबलावर तिने खणातला तो कागद सही न करताच ठेवला. "खलास," ती म्हणाली आणि स्वतःच दचकली.

डिसेंबरात ती भुईगावला पोचली तेव्हा रोझमेरी दारातच होती. ऑलिव्हला पाहताच ती आजीच्या लुगड्यामागे गेली, आणि तिथूनच, पाहुण्यांबद्दल विचारतात तसं, तिने विचारलं, "आजी, ही बाय जेवून जाणार काय?"

ब्रिजिटबाईंनी डोळ्यांना पदर लावला. ऑलिव्हचे पाय खरोखर मागे वळू पाहत होते; परकं होऊन आलेल्या माणसाला उंबरठा किती उंच वाटतो ते तिला त्या क्षणी कळलं.

"जेवणार," ती म्हणाली, "पण जाणार नाय."

मुलीचा विश्वास बसला नाही. पुढे सात महिने ती रोज सकाळी उठल्याबरोबर आधी ऑलिव्हच्या चपला जागेवर आहेत का, ते पाहून येत असे.